शब्दचर्चा : ड्रॉइंगवरचा 'मार्कअप' म्हणजे शेरा, खूण की दुरुस्ती?

काटकोन :
कारखान्यातली ड्रॉइंग्ज पडद्यावर पाहून त्यांवर मार्कअप (तपासताना टाकलेल्या खुणा आणि टिपा) कसा करायचा, याची कार्यपद्धती मराठीत लिहायची आहे. 'चिन्हांकन' हा शब्द फिटरच्या गळी उतरणार नाही. 'आरेखन'ही कागदोपत्रीच दिसतो. काय वापरावं?

टीस्क्वेअर :
ड्रॉइंगला हात लावू नका. 'नकाशा' म्हटलं की जमिनीचा वाटतो आणि 'आराखडा' म्हटलं की अजून न ठरलेला बेत. खरी अडचण मार्कअपचीच आहे, कारण त्या एका शब्दाच्या पोटात तीन कामं आहेत. तपासणारा विचारतो, "इथे ड्रेन लागेल ना?" हा शेरा. त्याला उत्तर द्यायचं, चित्राला हात लावायचा नाही. "५० मिमीची पाइपलाइन ८० करा" ही दुरुस्ती, आरेखकाने जशीच्या तशी उतरवायची. तिसरी गोष्ट म्हणजे साइटवर लाइन ८० चीच बसली आहे आणि ड्रॉइंग मागे राहिलंय. ही साइटनोंद, ॲज-बिल्टसाठी, म्हणजे प्रत्यक्ष बांधणी दाखवणाऱ्या ड्रॉइंगसाठी. तिन्ही लाल पेनाने लिहिली की प्रश्नालाच हुकूम समजलं जातं आणि कुणी न मंजूर केलेला ड्रेन पुढच्या रेव्हिजनमध्ये (सुधारित आवृत्तीत) हजर होतो. तेव्हा शब्द तीन ठेवा, आणि व्ह्यूअरमध्ये (ड्रॉइंग पाहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) तिघांचे वेगळे शिक्के आधीच तयार करून द्या.

वेल्डजोड :
तीन शब्द पटले. त्याबरोबर एका क्रियापदावर बंदी घाला: 'काढा'. रेघ काढा म्हणजे आखा, व्हॉल्व्ह काढा म्हणजे हटवा. आता पी अँड आयडीवर (पाइप, व्हॉल्व्ह आणि मापनयंत्रांची जोडणी दाखवणाऱ्या ड्रॉइंगवर) बाण दाखवून "इथे चेक व्हॉल्व्ह काढा" लिहिलंय. आखायचा की हटवायचा? आधीच्या रेव्हिजनमध्ये तिथे व्हॉल्व्ह होता की नव्हता हे पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि दोन व्हॉल्व्ह शेजारी असले तर तेवढ्यानेही भागत नाही. 'जोडा' आणि 'वगळा' हीच जोडी ठेवावी.

काटकोन :
पण रंगावरून कळत नाही का? लाल म्हणजे जोडा, हिरवा म्हणजे वगळा.

वेल्डजोड :
तुमच्याकडे. काही ठिकाणी बरोबर उलटं असतं. कंत्राटदाराची ड्रॉइंग्ज आली की घोळ होतो, म्हणून रंगांची सूची त्याच शीटवर हवी. शिवाय काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये लाल-हिरवा दोन्ही करडेच दिसतात. वगळायच्या भागावर तिरक्या रेघाही माराव्यात, म्हणजे रंग गेला तरी अर्थ राहतो.

पुसटरेघ :
'क्लाउड'चंही ठरवून टाका. "क्लाउड केलंय" म्हणजे बदललेल्या भागाभोवती नागमोडी रेघ ओढली आहे, "क्लाउडवर टाकलंय" म्हणजे फाइल सर्व्हरवर चढवली आहे. फोनवर दोन्ही सारखंच ऐकू येतं. पहिल्याला सरळ 'ढग' म्हणा. साधारण प्रथा अशी की नवं रेव्हिजन निघालं की जुने ढग पुसायचे, ढगाजवळच्या त्रिकोणातला रेव्हिजन क्रमांक मात्र ठेवायचा.

काटकोन :
आणि 'फ्लॅटन'? मसुद्यात 'सपाट करणे' लिहिलंय.

टीस्क्वेअर :
सपाट पत्रा करतात. इथे 'कच्च्या खुणा' आणि 'पक्क्या खुणा' चालेल. पीडीएफवरची खूण पानाच्या वर वेगळी तरंगत असते, हलवता-पुसता येते. ती पक्की केली की पानाचाच भाग होते. तिथे एक धोका आहे: कुणी, कधी लिहिलं ती यादीही त्याबरोबर जाते. वितरणाची प्रत पक्की करा, कच्ची प्रत वेगळी जपून ठेवा.

दुसरं असं की कच्ची खूण पानावरची जागा धरून बसते, व्हॉल्व्हला नाही. नव्या रेव्हिजनमध्ये आरेखकाने पंप चार बोटं उजवीकडे सरकवला आणि जुन्या खुणा त्या शीटवर आणल्या, तर ढग रिकाम्या जागेभोवती दिसतो. म्हणून शेऱ्यात "हा व्हॉल्व्ह" नको, टॅग नंबर (त्या व्हॉल्व्हला दिलेला क्रमांक) हवा.

पुसटरेघ :
'मेजर'साठी 'मोजणे' पुरे, पण कशावर मोजायचं तेही लिहा. पी अँड आयडी आणि पाइपिंग आयसोमेट्रिक (पाइपचं तिरकस कोनातून दाखवलेलं चित्र) स्केलमध्ये नसतात, तिथे आलेल्या मापाला अर्थ नाही. लेआउटवर (जागेच्या मांडणीच्या ड्रॉइंगवर) मोजता येतं, पण १:५० चं ए१ शीट ए३ वर छापून स्कॅन केलं की ते १:१०० होतं. व्ह्यूअरमध्ये १:५० तसंच राहिलं तर खांबांमधलं ६००० मिमी अंतर ३००० दिसेल. लिहिलेलं एखादं मोठं माप घेऊन कॅलिब्रेट करायचं, आडवं एकदा आणि उभं एकदा, कारण स्कॅनमध्ये शीट एकाच दिशेने ताणलं गेलेलं असू शकतं. 'कॅलिब्रेट'ला 'माप जुळवणे' म्हणा.

काटकोन :
राहिला ॲज-बिल्ट. 'यथानिर्मित'?

वेल्डजोड :
शब्द बरोबर आहे, पण शीटच्या कोपऱ्यातच शोभेल. बोलताना 'जसं बसलं तसं'. साइटनोंदीच्या शिक्क्यात मात्र 'पाहून' आणि 'मोजून' असे दोन चौकोन द्या. इन्सुलेशनखालची लाइन नुसती पाहिली तर ८० ची आहे की १०० ची ते कळत नाही, आणि 'तपासलं' एवढंच लिहिलं की पुढचा माणूस ते मोजलंय असंच धरून चालतो.