अंगमेहनतीची कामं होतात, अर्ध्या तासाची राहतात. काहून?

पऱ्हाटीवाला:
राजेहो, मे महिन्याच्या उन्हात माणूस धसकटं वेचतो, शेणखताच्या बंड्या रिकाम्या करतो. पण घरच्या सोयाबीनची उगवण तपासणं, माती नमुना देणं, पीककर्ज नवंजुनं करणं ही कामं 'उद्या पाहू' म्हणत मृगापर्यंत लोंबकळतात. याला आळस कसा म्हणावा? 'मनावर घ्या' सोडून काही सांगा.

बांधावरून:
आळस नाहीच तो. फुशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या अभ्यासकांनी २०१३ मध्ये मांडलं, की चालढकलीचं मूळ वेळेच्या हिशेबात कमी आणि मनःस्थिती सावरण्यात जास्त असतं. काम आठवलं की जीव कसनुसा होतो. ते कसनुसं टळावं म्हणून माणूस कामच टाळतो अन् घडीभर बरं वाटून घेतो.

तुमची तिन्ही कामं तपासा. उगवण कमी निघाली तर बियाणं विकत घ्यावं लागेल, ही निकालाची धास्ती. कर्जात फेडायच्या बाकीचा आकडा डोळ्यांनी पाहावा लागतो. माती नमुन्यात भीती काही नाही, फक्त सुरुवात कुठून करायची ते माहीत नसतं. नांगरटीचं तसं नाही. ट्रॅक्टरवाला सकाळी सहाला वावरात येऊन उभा राहतो, मग उद्यावर ढकलणार कसं?

बीजवाटी:
वरचं पटलं, पण कारण कळलं म्हणून काम होत नाही. कामाचं नाव बदला. 'उगवण तपासायची' असं न म्हणता 'कट्ट्यातून (बियाण्याच्या पोत्यातून) १०० दाणे वाटीत काढायचे' म्हणा. त्याला रोजच्या एखाद्या गोष्टीची खुंटी द्या: 'सकाळचा चहा झाला की कट्टा सोडायचा.' 'अमुक झालं की तमुक करीन' अशा ठरावानं काम सुरू होण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये दाखवलं.

पुढचं सोपं. वर्तमानपत्राचा कागद चार पदरी घडी घालून चिंब ओला करा. कडेला १० दाणे ओळीत ठेवा, गुंडाळी करा. अशा १० गुंडाळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घरात ठेवा, चौथ्या दिवशी उघडून मोजा. ७० कोंब चांगले निघाले तर एकरी ३० किलो बियाणं. त्याखाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवा, म्हणजे ६४ ला ३३ किलो. ६० च्या खाली असेल तर ते बियाणं पेरू नका.

चूक होते ती टपोरे दाणे निवडण्यात. मनाला बरं वाटावं म्हणून हात आपोआप तिकडं जातो अन् निकाल खोटा येतो. कट्ट्यात वर-मधे-खाली हात घालून येईल तो दाणा घ्या. हे सारं १५ मे च्या आत. जूनमध्ये कळून उपयोग काय, तेव्हा कृषी केंद्रावर रांग असते.

काळी_माती:
एक दुरुस्ती. प्रत्येक थांबणं चालढकल नसतं. ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन न पेरणारा कास्तकार शहाणा. कशासाठी थांबलो ते आकड्यात सांगता येत असेल तर ते थांबणं रास्त. 'थोडं पाहू' एवढंच सांगता येत असेल तर ती चालढकल, समजून घ्या. जानेवारीत उभ्या राहिलेल्या फरदडीचं, म्हणजे हंगाम सरल्यावरही राखलेल्या पऱ्हाटीचं (कपाशीचं), असंच होतं: दोन-चार क्विंटलच्या आशेनं पऱ्हाटी उपटणं लांबतं अन् गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. तिथं रोटाव्हेटरवाल्याला तारीख देऊन टाका, इसार देऊन.

माती नमुना शेणखत पसरायच्या आधी घ्या, नाहीतर निकाल भलताच येतो. ८-१० ठिकाणी २० सें.मी. खोल व्ही आकाराचा खड्डा करा, सगळी माती एकत्र कालवून अर्धा किलो द्या.

बांधावरून:
कर्जाचं काम तीन दिवसांत तोडा. एक दिवस सातबारा अन् आठ-अ काढणं, दुसऱ्या दिवशी बाकीचा आकडा विचारणं, तिसऱ्या दिवशी बँक. सगळं एकाच दिवशी धरलं की सर्व्हर बंद पडतो अन् माणूस महिनाभर तिकडं फिरकत नाही. पीककर्जावरची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मुदतीत फेडणाऱ्यालाच मिळते, म्हणून आकड्याचा दिवस बँकेच्या आधी.

पऱ्हाटीवाला:
घरी सोयाबीनच्या दोन जाती असतील तर?

बीजवाटी:
दोन वाट्या, दहा-दहा गुंडाळ्या. जातीचं नाव कागदावर पेन्सिलनं लिहा भाऊ, पेनाची शाई ओल्यात फुटते.