दर सोमवारी सकाळी निम्म्या ऑफिसचं लॉगिन होईना झालंय, पासवर्ड सगळ्यांचे बरोबर आहेत

टॉवेलवाली:
नमस्कार मंडळी, मी सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसला आहे, मूळ काम अकाउंट्सचं पण कॉम्प्युटरचं थोडंफार कळतं म्हणून तेही माझ्याच गळ्यात पडलंय. १९ पीसी, बहुतेक विंडोज ७ आणि चार-पाच विंडोज १०, आणि एकच सर्व्हर, विंडोज सर्व्हर २००८ आर२. डोमेन (म्हणजे सगळ्यांची लॉगिनची खाती) त्यावरच, टॅलीचा डेटा त्यावरच, सगळ्यांचे फोल्डरपण त्यावरच. सर्व्हरला मॉनिटर नाही, लूमच्या शेडला लागून असलेल्या खोलीत तो नुसता चालू असतो.

दीड महिना झाला, दर सोमवारी सकाळी निम्म्या लोकांचं लॉगिन होत नाही. तीन-चार वेळा रीस्टार्ट केलं की काहींचं होतं, पण ज्यांचं होतं त्यांना बँकेची साइट आणि जीएसटी पोर्टल उघडत नाही, सर्टिफिकेटची एरर येते (याचा लॉगिनशी संबंध नसेल, पण सांगून ठेवते). दोन पीसींची तारीख चुकलेली दिसली म्हणून त्यांच्या बॅटऱ्या बदलून घेतल्या, काही फरक नाही. मग सपोर्टचा मुलगा गाडीवर येतो, सर्व्हरला मॉनिटर लावतो, अर्ध्या तासात सगळं चालू, आणि जाताना म्हणतो पासवर्ड विसरतात लोक, रिसेट करून दिलेत.

मला हेच पटत नाही. आमचे अकाउंट्सचे काका २६ वर्षं इथं आहेत, पासवर्ड विसरणारा माणूस नाही तो. मागच्या सोमवारी बरोबर पासवर्ड घेत नाही म्हणून त्यांनी बिचाऱ्यांनी आधीचे दोन-तीन टाकून बघितले आणि खातं लॉक झालं, वर मालकांनी सगळ्यांसमोर ऐकवलं. पगाराचं काम दुपारपर्यंत अडलं. मला खरं कारण पाहिजे.

केबलवाला:
ताई, आधी डीएनएस बघा, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी सेवा. अडलेल्या पीसीवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल मारा, डीएनएस सर्व्हरच्या ओळीत तुमच्या सर्व्हरचाच आयपी पाहिजे. ब्रॉडबँडवाले राउटर बदलून जातात आणि तिथं ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस) टाकून देतात, नेट झकास चालतं पण पीसीला डोमेन कुठंय तेच सापडत नाही, कारण तुमच्या आतल्या डोमेनचं नाव बाहेरच्या डीएनएसला माहीतच नसतं. असं असलं की "लॉगऑन सर्व्हर उपलब्ध नाही" अशा अर्थाचा मेसेज येतो. आणि आधी लॉगिन केलेल्या माणसाचं त्याच पीसीवर साठवलेल्या माहितीवरून लॉगिन होऊन जातं, म्हणून एकाचं होतं आणि शेजारच्याचं होत नाही, बघणाऱ्याला वाटतं पासवर्डच चुकतोय. मेसेज शब्दशः काय येतो ते टाका.

टॉवेलवाली:
बघितलं. तीन पीसीवर खरंच ८.८.८.८ होतं, बदललं. बाकी सोळांवर सर्व्हरचाच आयपी आहे तरी त्यातले सहा-सात अडतातच. काकांच्या पीसीचा फोटो होता माझ्याकडं, त्यात क्लायंट आणि सर्व्हर यांच्या वेळेत किंवा तारखेत फरक आहे असं लिहिलंय.

जुना_सर्व्हर:
मग सापडलं की ताई. तुम्ही बॅटऱ्या पीसीच्या बदलल्या, मेलीय ती सर्व्हरची.

नीट सांगतो. डोमेनमध्ये लॉगिन करताना केर्बेरॉस नावाची पद्धत चालते, त्यात पीसी आणि सर्व्हर दोघांच्या घड्याळात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, ही मूळ सेटिंगच आहे. कुणी जुनं तिकीट (आत जायचा तात्पुरता परवाना) चोरून परत वापरू नये म्हणून वेळ तपासतात. घड्याळं जुळली नाहीत की पासवर्ड कितीही बरोबर असूद्या, आत घेत नाही. काकांची काही चूक नाही, हे मालकांना आधी सांगा.

आता निम्मेच का अडतात? डोमेनमधले पीसी आपली वेळ सर्व्हरकडून घेतात. सर्व्हरचं घड्याळ मागं गेलं की जे पीसी त्याच्याकडून वेळ घेऊन बसले ते पण मागं जातात, त्यांचं लॉगिन होतं, पण त्यांच्या हिशेबानं वर्ष जुनं असतं म्हणून बँकेचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही असं ब्राउझरला वाटतं. तुमची सर्टिफिकेटची एरर हीच. आणि ज्यांनी अजून वेळ घेतली नाही ते बाहेर राहतात. सर्व्हरला स्वतःला वेळ सांगणारा कुणी नसतो. सर्व्हरवर डब्ल्यू३२टीएम स्लॅश क्वेरी स्लॅश सोर्स मारून बघा, "लोकल सीमॉस क्लॉक" असं उत्तर आलं तर तो मदरबोर्डवरच्या बटण सेलच्या भरवशावर चाललाय.

एकच विचारतो, रविवारी मेन कोण पाडतं?

टॉवेलवाली:
वॉचमन! शनिवारी शिफ्ट सुटली की ऑफिसचा मेन पाडून ठेवतो, शॉर्टसर्किट नको म्हणून मालकांनीच सांगितलंय, यूपीएस तासाभरात बसतो. आणि हे दीड महिन्यापासूनच चालू झालंय, आधी सर्व्हर कधी बंदच व्हायचा नाही. बघा, डोक्यातच आलं नाही.

जुना_सर्व्हर:
मग जुळलंच. भिंतीतून वीज येत असली की बंद मशीनचंही घड्याळ चालतं, मेन पडला की सगळा भार त्या सेलवर. सीआर२०३२ म्हणतात त्याला, नवीन सेल ३ व्होल्टचा असतो. नवी पेठेत कुठल्याही घड्याळवाल्याकडं मिळेल, चांगल्या कंपनीचा घ्या.

पण घाई करू नका. सेल काढायच्या आधी बायोसच्या (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्या, खास करून हार्ड डिस्कचा मोड, रेड का एएचसीआय ते. सेटिंग मूळपदावर गेली आणि तो मोड बदलला तर विंडोज निळ्या स्क्रीनवर थांबेल आणि डिस्क गेली म्हणून सगळ्यांची धावपळ होईल. सेल बसवला की तारीख-वेळ बायोसमध्येच बरोबर करा आणि मगच विंडोज चालू करा. नंतर सर्व्हरला बाहेरून वेळ घ्यायला लावा, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा टाइम सर्व्हर आहे, भारताची प्रमाणवेळ तेच सांभाळतात, त्याचा पत्ता टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी. राउटरवर यूडीपी १२३ पोर्ट अडवलेला नको.

चिंचोळीचा_माणूस:
माझंही सूतगिरणीत हेच काम आहे म्हणून लिहितो. सर्व्हर शेडला लागून आहे म्हणालात, उघडलाच आहे तर पंखे बघा. रुई आत जाऊन हीटसिंकवर गादी बसते, सोलापूरच्या एप्रिल-मेच्या ४२-४३ डिग्रीत तो मशीन आतल्या आत भाजत असतो. आणि या सर्व्हरच्या विंडोजचा मायक्रोसॉफ्टकडचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपलाय, विंडोज ७ चा पण त्याच दिवशी. एकच डोमेन सर्व्हर आहे तुमचा, तो गेला तर एकाचंही लॉगिन होणार नाही. आजच 'सिस्टिम स्टेट'सकट (डोमेनची खाती त्यातच असतात) बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून कपाटात ठेवा, लावून ठेवू नका. नवीन मशीन घेताना होम एडिशन घेऊ नका, ती डोमेनला जोडताच येत नाही, आमच्या इथं चार लॅपटॉप तसेच पडून आहेत.

टॉवेलवाली:
शनिवारी शिफ्ट सुटल्यावर केलं सगळं. बायोसचे ११ फोटो काढले, मग झाकण उघडलं तर आतला पंखा दिसतच नव्हता, टॉवेलच्या रुईचा करड्या रंगाचा बोटभर जाड थर, हातात धरून उचलला तर तुकडा होऊन आला. जुना सेल मल्टिमीटरवर १.४ व्होल्ट. मेन पाडताना सर्व्हरचा वेगळा एमसीबी सोडायचा असं वॉचमनला दाखवून दिलं, मालकांनी परवानगी दिली.

आज सोमवार. मी साडेआठलाच येऊन बसले होते. काका ८:५० ला आले, चष्मा पुसला, एकेक अक्षर दाबत पासवर्ड टाकला आणि पहिल्या फटक्यात आत. मी मालकांना केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं, काकांना बोलावूनच सांगितलं.

एकच पीसी राहिलाय, डिस्पॅचचा, त्यावर ट्रस्ट रिलेशनशिप फेल्ड असं येतं. सपोर्टच्या मुलानं तो जुन्या घोस्ट इमेजवरून (आख्ख्या डिस्कची साठवलेली नक्कल) उतरवला होता.

जुना_सर्व्हर:
पीसीचा स्वतःचा पण डोमेनकडं एक पासवर्ड असतो, दर ३० दिवसांनी तो आपोआप बदलतो. जुनी इमेज उतरवली की पीसीकडं जुना, सर्व्हरकडं नवा, म्हणून दोघांचं जुळत नाही. लोकल अ‍ॅडमिननं आत जा, पीसी डोमेनमधून काढून वर्कग्रुपमध्ये टाका, रीस्टार्ट, परत डोमेनला जोडा. काढायच्या आधी लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड चालतो का ते नक्की बघा, नाहीतर आत जायला वाटच राहणार नाही.