ब्लोबेल यांचं सिग्नल हायपोथिसिस: प्रोटीनला कुठे जायचं हे कळतं कसं?

पेशीवेडा_२२
एम.एस्सी. पार्ट वन करतोय. गुंटर ब्लोबेलना 1999 चं नोबेल मिळालं, प्रोटीनवर पत्ता लिहिलेला असतो वगैरे नोट्समध्ये आहे, ते पाठ आहे. पण रायबोसोम (पेशीतली प्रोटीन बनवणारी यंत्रं) तर सगळे सारखेच ना? मग एकच रायबोसोम आज हिमोग्लोबिन बनवतो तेव्हा मोकळा फिरतो आणि अँटिबॉडी बनवताना ईआरला (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, पेशीतलं मेम्ब्रेनचं जाळं) जाऊन चिकटतो, हे ठरवतं कोण? आणि हे सिद्ध कसं केलं, की नुसता अंदाजच होता?

राईबोराजे
सुरुवातीला अंदाजच होता की. 1971 मध्ये ब्लोबेल आणि डेव्हिड सॅबॅटिनी यांनी मांडला तेव्हा हातात पुरावा जवळपास शून्य. कल्पना अशी की ठरवतो रायबोसोम नाही, तर त्यातून बाहेर येणाऱ्या साखळीचं पहिलं टोक. साधारण 15 ते 30 अमिनो आम्लं, मधला भाग पाण्याला नाक मुरडणारा, हाच तो सिग्नल. मग 1972 मध्ये मिल्स्टाइन यांच्या गटाला दिसलं की अँटिबॉडीची लाइट चेन (तिच्यातली लहान साखळी) टेस्ट ट्यूबमध्ये बनवली तर ती नेहमीपेक्षा थोडी लांब निघते, म्हणजे पुढे काहीतरी जास्तीचं असतं जे पेशीत नंतर कापलं जातं.

खरी मजा 1975 ची आहे आणि परीक्षेत तेच कोणी लिहीत नाही. ब्लोबेल आणि डॉबरस्टाइन यांनी उंदराच्या ट्यूमरचा एमआरएनए (प्रोटीन कसं बनवायचं याचा संदेश), सशाचे रायबोसोम आणि कुत्र्याच्या स्वादुपिंडातली ईआरची मेम्ब्रेन असं सगळं एकत्र केलं, आणि चाललं! प्रोटीन बनत असताना मेम्ब्रेन हजर असेल तर साखळी आत जाते, जास्तीचा तुकडा कापला जातो, आणि वरून प्रोटीन पचवणारं एन्झाइम टाकलं तरी ती सुरक्षित राहते. पण आधी पूर्ण प्रोटीन बनवून मग मेम्ब्रेन टाकली तर काहीच होत नाही, ना आत जाणं ना कापणं. म्हणजे नुसता पत्ता असून भागत नाही, वेळ पण गाठावी लागते. माझ्या मते पत्त्याच्या उपमेत नेमकं हेच हरवतं.

मायक्रोसोम
+१. आणि "ठरवतं कोण" याचं उरलेलं उत्तर एसआरपी, म्हणजे सिग्नल रेकग्निशन पार्टिकल, सिग्नल ओळखणारा कण. पीटर वॉल्टर आणि ब्लोबेल यांनी 1980 च्या आसपास शोधला, सहा प्रोटीन आणि एक आरएनए. सिग्नल बाहेर आला की हा त्याला धरतो, साखळी बनणं थोडं थांबवतो, सगळं लटांबर ईआरवरच्या रिसेप्टरकडे नेतो, तिथे चॅनेल असतं त्यातून साखळी आत. काम झालं की रायबोसोम परत मोकळा. हिमोग्लोबिनच्या साखळ्यांना सिग्नलच नाही म्हणून त्या बाहेरच राहतात, विषय संपला.

इन्सुलिनचं उदाहरण लिही उत्तरात, मार्क मिळतात: प्रीप्रोइन्सुलिन 110 अमिनो आम्लांचं, त्यातले पहिले 24 म्हणजे सिग्नल.

गप्पिष्ट_काका
विषय थोडा बाजूला नेतो, पण ब्लोबेल माणूस म्हणून पण मोठा होता. जन्म 1936 चा, सायलेशियातला, तो भाग आता पोलंडमध्ये आहे. 1945 मध्ये रशियन फौज जवळ आली म्हणून घर सोडून निघाले तेव्हा वाटेत ड्रेस्डेन बघितलं, आठ वर्षांचा पोरगा, आणि नंतर काही दिवसांतच ते शहर बॉम्बहल्ल्यात जळालं. नोबेलची जवळपास सगळी रक्कम ड्रेस्डेनला दिली, तिथलं फ्राउएनकिर्ख चर्च पुन्हा उभं करायला आणि सिनेगॉगसाठी. शेवटपर्यंत न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत, 2018 मध्ये गेले.

पेशीवेडा_२२
भारी, धन्यवाद सगळ्यांना. आता एसआरपी डोक्यात बसला. अजून एक, केंद्रकात किंवा मायटोकॉन्ड्रियात जाणाऱ्या प्रोटीनचं पण असंच का? आणि कापलेला तुकडा जातो कुठे, कचऱ्यात?

राईबोराजे
तत्त्व तेच, यंत्रणा वेगळी. केंद्रकाचा सिग्नल कापला जात नाही, कारण पेशी विभागताना केंद्रकाचं आवरण विरघळतं आणि तीच प्रोटीन पुन्हा आत न्यावी लागतात. मायटोकॉन्ड्रियाचा पुढच्या टोकाला असतो आणि बहुतेक वेळा आत गेल्यावर कापतात. सिग्नल चुकला तर हाल होतात, प्रायमरी हायपरऑक्झाल्युरिया हा आनुवंशिक आजार वाच: काही पेशंटमध्ये यकृतातलं एन्झाइम चांगलं चालतं पण पेरॉक्सिसोम या पेशीतल्या कप्प्याऐवजी मायटोकॉन्ड्रियात जाऊन बसतं आणि किडनीत खडे होतात.

मायक्रोसोम
कचऱ्यात सगळेच नाही जात. काही तुकडे एचएलए-ई नावाच्या प्रोटीनवर बसून पेशीच्या बाहेरच्या बाजूला येतात आणि एनके सेल (बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) ते तपासतात, दिसले तर पेशीला सोडून देतात. सिलॅबसमध्ये नसेल बहुतेक, पण व्हायव्हाला सांगून बघ.