उंच टाचांच्या चपला, तीन तासांचे उभे राहणे आणि चवड्याखालचा खडा

निवेदिका_कोथरूड यांचा प्रश्न

नमस्कार. मी दिवसा बँकेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी पुण्यातील सांस्कृतिक कार्यक्रमांचे निवेदन करते. माझी उंची पाच फुटांहून थोडी कमी आहे. पोडियममागे उभी राहिले की मागच्या रांगांतील श्रोत्यांना माझा चेहरा दिसत नाही, हे पहिल्याच कार्यक्रमानंतर कानावर आले आणि तेव्हापासून, म्हणजे गेली आठ वर्षे, मी मंचावर तीन इंची टाचांच्या सँडल वापरते. बँकेतही रोज दोन इंचांच्या टाचा असतातच.

या चपला मला मनापासून आवडतात. त्या घातल्या की पाठ आपोआप सरळ होते, साडीच्या निऱ्या लांब आणि सुळसुळीत पडतात आणि मंचावर पहिले पाऊल टाकताना मन जागे होते. मात्र गेल्या दिवाळीत पहाटेचे दोन कार्यक्रम लागोपाठ झाले आणि दुसऱ्या दिवशी उजव्या चवड्याखाली, तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या बुडाशी, चपलेत खडा अडकल्यासारखे टोचू लागले. चप्पल झटकून पाहिली, आत काहीच नव्हते. आता अर्धा तास उभे राहिले तरी तो खडा जाणवतो आणि त्या दोन बोटांना मुंग्या येतात.

त्याहून कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की घरात अनवाणी चालले की पोटरी मागून ओढते आणि पुन्हा उंच टाचेची चप्पल चढवली की बरे वाटते. ज्या वस्तूने पाय दुखतो, तिनेच तो सुखावतो कसा? आई म्हणते, सरळ सोडून दे. मला त्या सोडायच्या नाहीत, पण पायही गमवायचे नाहीत. अनुभवी मंडळींनी मार्ग सुचवावा.

पायरी यांचे उत्तर

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच चपलेतून आल्या असल्या तरी त्यांची कारणे वेगळी आहेत.

टाच उचलली गेली की शरीराचा भार पुढे चवड्याकडे सरकतो आणि उंची जितकी वाढेल तितका तो अधिक सरकतो. त्यात चपलेचे पुढचे टोक निमुळते असेल तर चवड्याची लांब हाडे एकमेकांकडे दाबली जातात आणि तिसऱ्या व चौथ्या बोटांच्या मधून जाणारी नस त्या चिमट्यात सापडते. हे वारंवार घडले की नसेभोवतीची ऊती जाड होते. त्याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात आणि चपलेत खडा असल्याचा भास ही त्याची ओळखीची खूण आहे. चवडा दोन्ही बाजूंनी हाताने दाबल्यावर नेमकी तीच कळ आली तर संशय बळावतो, परंतु निदान अस्थिरोगतज्ज्ञांकडूनच करून घ्या, कारण तिथल्या बारीक हाडाला तडा गेला असला तरी दुखणे त्याच भागात होते. दरम्यान चवड्याखाली ठेवायची छोटी उशी वापरून पाहता येईल. ती नेमक्या दुखऱ्या जागेखाली ठेवण्याची चूक बहुतेक जण करतात. ती किंचित मागे, टाचेच्या बाजूला ठेवली तरच हाडे फाकतात आणि नसेला जागा मिळते.

आता पोटरीविषयी. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, किमान दोन वर्षे नियमितपणे पाच सेंटीमीटर किंवा अधिक उंच टाचा वापरणाऱ्या स्त्रियांची तपासणी झाली होती. त्यांच्या पोटरीच्या स्नायूंचे तंतू आखूड झालेले आणि टाचेमागची, पोटरीला टाचेशी जोडणारी जाड शीर अधिक ताठर झालेली आढळली. शरीर सवयीच्या मापाशी जुळवून घेते. त्यामुळे टाच जमिनीला टेकली की आखूड झालेला स्नायू ताणला जातो आणि उंच चप्पल घातली की तो सैल पडतो. तुमच्या कोड्याचे उत्तर हेच असावे. म्हणूनच उद्यापासून एकदम सपाट चपला घालू नका. बँकेतली टाच आधी दीड इंचावर आणा आणि काही आठवड्यांनी एक इंचावर. रोज सकाळी जिन्याच्या पायरीच्या काठावर चवडे ठेवून, कठडा धरून, टाचा हळूहळू खाली सोडा, अर्धा मिनिट थांबा आणि असे तीन-चार वेळा करा. चवड्याला कळ आली तर हा व्यायाम थांबवून भिंतीला हात टेकून पोटरी ताणावी.

रुंद टाच निर्धोक असते, असा समज आमच्याकडे येणाऱ्या अनेक स्त्रियांचा असतो. घोटा मुरगळण्याच्या दृष्टीने ती निश्चितच बरी. परंतु गुडघ्यावर येणारा पीळ १९९८ मध्ये उंच टाचांच्या बाबतीत मोजला गेला आणि २००१ मध्ये त्याच संशोधकांनी रुंद टाचा तपासल्या, तेव्हा तिथेही तो वाढलेलाच दिसला. गुडघ्यासाठी उंचीच कमी करावी लागते.

चामडे_आणि_टाके यांचे उत्तर

आमचे लक्ष्मी रस्त्यावर चपलांचे दुकान आहे, वडिलांच्या काळापासून. डॉक्टरी मला कळत नाही, पण चप्पल कळते.

ताई, तुमची उंची पाहता पायाचा नंबर तीन किंवा चार असावा. तीन इंचांची टाच सात नंबरच्या पायाला जितका उतार देते, त्याहून कितीतरी अधिक तीव्र उतार ती तीन नंबरच्या पायाला देते, कारण तळव्याची लांबी कमी आणि चढ मात्र तेवढाच. मैत्रिणीला तीच सँडल आरामशीर वाटते आणि आपल्याला वाटत नाही, याचे हे साधे कारण आहे. पुढे एक इंचाचा प्लॅटफॉर्म असलेली तीन इंची चप्पल घेतली तर उंची तीन इंच मिळते आणि पायाला उतार दोनच इंचांचा लागतो. मात्र फार जाड प्लॅटफॉर्म घेऊ नये. तळ वाकत नाही, खालची जमीन समजत नाही आणि पाय मुरगळतो.

घेताना संध्याकाळी या, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. चपलेचा सर्वांत रुंद भाग आणि चवड्याचा सर्वांत रुंद भाग एका रेषेत आले पाहिजेत. मग चप्पल हातात घेऊन दोन्ही टोकांकडून वाकवा: ती बोटांपाशी वाकली पाहिजे, कमानीपाशी वाकली तर आतली पट्टी कमकुवत आहे, ती घेऊ नका. घोट्याला पट्टा असावा, नाहीतर चप्पल पकडून ठेवण्यासाठी बोटे सतत आकसून राहतात. टाचेखालचा रबराचा तुकडा झिजून खिळा दिसू लागला की त्याच दिवशी बदलून घ्या. तो खिळा ओल्या फरशीवर, विशेषतः पावसाळ्यात, हमखास घसरतो.

साडीचेही सांगतो, कारण गिऱ्हाइके नंतर येऊन तक्रार करतात. टाच कमी केली की जुन्या मापाने नेसलेल्या निऱ्या पायात येतात. आधी चप्पल घालावी आणि मगच निऱ्या खोचाव्यात.

मोकळे_पाऊल यांचे उत्तर

मला आपल्या मातोश्रींचे म्हणणे पटते. २०१७ मध्ये फिलिपिन्सच्या सरकारने नोकरीच्या ठिकाणी स्त्रियांवर उंच टाचांची सक्ती करण्यास मनाई केली आणि २०१९ मध्ये जपानमध्ये युमी इशिकावा यांनी याच सक्तीविरुद्ध चळवळ उभारली. त्या स्त्रियांना पर्याय नव्हता म्हणून त्या झगडल्या. आपल्यापुढे पर्याय असताना नस दुखावून घेणे मला तरी योग्य वाटत नाही.

विंगेतला यांचे उत्तर

मी नाटकांचे नेपथ्य लावतो. ताई, श्रोत्यांना तुमचा चेहरा दिसत नाही, ही अडचण मुळात पोडियमची आहे. ती आठ वर्षे तुमच्या पायांनी सोसली. पोडियममागे लाकडी लेव्हल, म्हणजे उभे राहायचा चौथरा, मागा. सहा इंच उंच, उभे राहून एक पाऊल मागे घेता येईल एवढी रुंद. बहुतेक नाट्यगृहांत ती मिळते आणि नसली तर नेपथ्यवाले देतात. फक्त ती आधी सांगावी लागते, आणि वर सतरंजी अंथरली असेल तर कडेला पांढरी चिकटपट्टी लावून घ्यावी, म्हणजे अंधारात उतरताना पाय चुकत नाही.

निवेदिका_कोथरूड यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. चवडा दोन्ही बाजूंनी दाबून पाहिला आणि तीच कळ आली, म्हणून शुक्रवारची अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे.

मोकळे_पाऊल, आपली काळजी समजते. माझ्यावर कोणाचीही सक्ती नाही. मला त्यांत उभे राहायला आवडते, म्हणूनच त्या किती वेळ घालायच्या हे ठरवणे माझ्या हातात आहे. स्कूटर चालवताना तर आता बंदच केल्या, कारण सिग्नलला पाय टेकताना सगळा भार त्याच दुखऱ्या चवड्यावर येत होता. त्या डिकीत ठेवते आणि साध्या चपलेने जाते.

विंगेतला, लेव्हलचे आठ वर्षांत मला एकदाही सुचले नाही. पुढच्या रविवारच्या कार्यक्रमाच्या आयोजकांना आजच फोन केला, ते हो म्हणाले. निवेदन लेव्हलवर उभी राहून सपाटीच्या जवळ जाणाऱ्या चपलेत करीन आणि शेवटी कलाकारांच्या सत्काराच्या वेळी, ती दहा मिनिटे, लाल सँडल घालीन. दोन्हींना चालेल अशा निऱ्या कशा घालाव्यात, एवढे मात्र कोणीतरी सांगा.

चामडे_आणि_टाके यांचे उत्तर

कमी उंचीच्या चपलेच्या मापानेच नेसा, ताई. दहा मिनिटे साडी इंचभर वर दिसली तर चालते, पण पायात आलेली निरी एका पावलातही पाडते.