मॉडेल पेशंट म्हणून नाकाची सर्जरी स्वस्तात करतायत, करून घेऊ का?

पाऊसवाट:
नमस्कार मंडळी, खूप दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. वय २७, पुण्यात नोकरी. माझ्या नाकावर लहानपणापासून उंचवटा आहे आणि शेंडा खाली वळलेला, शाळेत पोपट म्हणायचे, आता कोणी म्हणत नाही पण मी अजूनही साइडने फोटो काढू देत नाही. दोन वर्षं पैसे साठवतेय. दोन डॉक्टरांना दाखवलं, एकाने १ लाख ४० हजार सांगितले, दुसऱ्याने १ लाख ६५, भूल आणि हॉस्पिटल धरून.

तर मागच्या आठवड्यात एका क्लिनिकमधून फोन आला की त्यांच्याकडे तीन दिवसांचं वर्कशॉप आहे, बाहेरगावचे डॉक्टर राइनोप्लास्टी, म्हणजे नाकाची प्लास्टिक सर्जरी, शिकायला येणारेत आणि त्यांना मॉडेल पेशंट हवेत, सगळं मिळून ४५ हजारात होईल. ऑपरेशन शिकायला आलेले डॉक्टर करणार पण "मोठे सर असतातच" असं काउन्सेलर म्हणाली. सरांची भेट थेट ऑपरेशनच्या दिवशी सकाळी. फोटो आणि व्हिडिओ वापरायची परवानगी द्यायची आणि रविवारपर्यंत १० हजार भरून नाव पक्कं करायचं.

घरी फक्त आत्याला सांगितलंय, ती म्हणते देवाने दिलंय तसं राहू दे. पण ऑपरेशन करायचं हे माझं ठरलेलं आहे त्यामुळे कृपया त्यावर नको. प्रश्न एवढाच की शिकाऊ डॉक्टरकडून करून घेण्यात नेमका धोका किती? प्रत्येक डॉक्टर कोणावर तरी हात बसवूनच शिकतो ना? ९५ हजार वाचतात, माझ्यासाठी ती खूप मोठी रक्कम आहे.

काळी_मैना:
रविवारपर्यंत पैसे भरा म्हणाले तिथेच मला भीती वाटली गं. ज्यांना तुझं नाक एकदाही समोरून बघायची गरज वाटली नाही ते त्याचं काय करायचं हे कधी ठरवणार? थांब जरा. इथे एक-दोन डॉक्टर आहेत ते लिहितीलच.

सुईदोरा:
मी प्लास्टिक सर्जन आहे. मुंबईत महापालिकेच्या हॉस्पिटलात एमसीएच (प्लास्टिक सर्जरीतली वरची पदवी) केलं, म्हणजे मी पेशंटवरच शिकलोय आणि ते मी कधी लपवत नाही. तुमचा मुद्दा बरोबर आहे, सगळे असेच शिकतात. पण कसे शिकतात ते सांगतो. साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग तीन वर्षं जनरल सर्जरी, मग एमसीएचची तीन. पहिल्या वर्षी माझं काम जखम उघडी ठेवणारा रिट्रॅक्टर धरणं आणि ड्रेसिंग, मग टाके घालायला मिळाले, मग ऑपरेशनचा एखादा टप्पा, आणि पूर्ण नाक हातात आलं तेव्हा टेबलाच्या पलीकडे सर स्क्रब होऊन, म्हणजे हात धुऊन, गाऊन-ग्लोव्ह्ज घालून उभे होते. दोनदा त्यांनी माझ्या हातातून हाड कापायचा ऑस्टिओटोम काढून घेतला, दोन्ही वेळा बरोबर होते. त्यामुळे शिकाऊ हात असणं याची मला स्वतःला भीती वाटत नाही, त्या हातातून हत्यार काढून घेणारा माणूस तिथे असणारे का, हे मी आधी विचारेन. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) असणं आणि स्क्रब होऊन टेबलाशी असणं यात फार फरक आहे, कारण बाहेर चहा घेत असलेले सरसुद्धा "असतातच".

आता तुमच्या ऑपरेशनबद्दल. नाक दिसायला छोटं पण आमच्या कामातल्या सगळ्यात अवघड गोष्टींपैकी एक, सगळा हिशोब मिलिमीटरचा. आपल्याकडे शेंड्याची कातडी बऱ्याचदा जाड असते, आत कितीही सुबक काम केलं तरी बाहेर दिसायला वेळ लागतो, शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्ष जातं. उंचवटा जरा जास्त घासला गेला तर परत भरायला कूर्चा (मऊ हाड) लागते, ती नाकाच्या मधल्या पडद्यातली आधीच वापरली असेल तर कानातून नाहीतर बरगडीतून घ्यावी लागते, आणि पहिल्या ऑपरेशनचे व्रण असल्याने दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा कठीण आणि बहुतेक वेळा महाग. चांगल्या हातांनाही काही पेशंट पुन्हा घ्यावे लागतात, मलाही घ्यावे लागलेत.

आणि मला सगळ्यात खटकलं ते तीन दिवस. स्प्लिंट (नाकावरचा कडक आधार) निघायलाच साधारण आठवडा लागतो. पहिल्या काही दिवसांत पडद्यात रक्त साकळलं तर ते लगेच काढावं लागतं, उशीर झाला तर कूर्चा मरते आणि नाक बसतं. ज्यांनी ऑपरेशन केलं ते तोवर आपापल्या गावी पोचलेले असतील. रात्री अकरा वाजता नाकातून रक्त आलं तर तुम्ही कोणाला फोन करणार? हे विचारा. भूल देणारे एमडी भूलतज्ज्ञ आहेत का, त्यांचं नाव काय, तुम्ही शुद्धीवर येईपर्यंत ते तिथेच थांबणार का, हेही विचारा. सगळ्यांचे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे नोंदणी क्रमांक मागा, कोणी परराज्यातून येत असेल तर तिथला. खऱ्या डॉक्टरला हे सांगायला अडचण नसते.

पैसे वाचवायचे असतील तर दुसरा रस्ता आहे. मुंबईत केईएम, सायन, जेजे या सरकारी-महापालिकेच्या हॉस्पिटलांत प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडी आहेत, तिथेही रेसिडेंट (शिकणारे डॉक्टर) हात लावतात पण युनिटचे सर जबाबदार असतात आणि नंतर तपासायला ओपीडी तिथेच असते. अडचण ही की भाजलेले, अपघाताचे, दुभंगलेल्या ओठांची मुलं यांना आधी घेतात आणि घ्यायलाच हवं, त्यामुळे निव्वळ दिसण्यासाठी असेल तर ताटकळावं लागतं. एक विचारतो, श्वास घ्यायला त्रास होतो का तुम्हाला?

न्यूजर्सीची_काकू:
मी असं करून घेतलंय म्हणून लिहिते. जुळ्यांनंतर पोटाची कातडी इतकी लोंबत होती की खाली पुरळ यायचं. इथे बऱ्याच युनिव्हर्सिटी हॉस्पिटलांत रेसिडेंट क्लिनिक असतं, शेवटच्या वर्षाचे रेसिडेंट कॉस्मेटिक ऑपरेशनं कमी पैशांत करतात. पण कमी होते ती फक्त सर्जनची फी, भूल आणि ओटीचे पैसे पूर्ण द्यावे लागतात, त्यामुळे मला वाटलं होतं तेवढं काही स्वस्त पडलं नाही. माझी रेसिडेंट प्लास्टिक सर्जरीच्या सहाव्या वर्षाला होती, खूप हुशार पोरगी. तिच्या वरच्या डॉक्टरांनी मला ऑपरेशनआधी दोनदा स्वतः तपासलं आणि एकदा तर अजून वजन कमी करून या म्हणून परत पाठवलं. गिऱ्हाईक परत पाठवतात म्हटल्यावर मला विश्वास वाटला.

वेळ मात्र खूप लागला, सांगितलेल्यापेक्षा दीड तास जास्त. नंतर आत पाणी साठलं, तीनदा सुईने काढलं. आणि जूनमध्ये ती पास होऊन निघून गेली, पुढचं सगळं दुसऱ्याने बघितलं. पण बघितलं, फाइल होती, फोन उचलत होते. उजवीकडचा व्रण थोडा वरखाली आहे, मला चालतं, पोटावर आहे. नाकावर असता तर चाललं असतं का माहीत नाही बाळा.

अटकेपार_नाशिक:
मी पुरुष आहे आणि माझं हेअर ट्रान्सप्लांट, पण गोष्ट तीच. २०२१ मध्ये एका ठिकाणी ट्रेनिंग बॅच म्हणून निम्म्या दरात केलं. डॉक्टरने येऊन कपाळावर पेनने रेघ मारली आणि गेला तो गेलाच, पुढचे सात तास टेक्निशियन आणि शिकणारी मुलं. मागून इतके केस काढले की आता डोक्याच्या मागे टक्कल दिसतं आणि पुढे जे लावले त्यातले निम्मे धरलेच नाहीत. मागचे केस एकदा गेले की परत येत नाहीत, त्यामुळे मला दुरुस्तीचा रस्ताच उरला नाहीये. बायको काही बोलत नाही पण मी घरातही टोपी घालतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने हेअर ट्रान्सप्लांटसाठी सूचना काढल्या, त्यात स्पष्ट लिहिलंय की नुसतं वर्कशॉप बघून किंवा यूट्यूबवर शिकून असली कामं सुरू करता येत नाहीत. माझं त्याच्या आधीच झालं होतं. २०२५ मध्ये कानपूरला ट्रान्सप्लांटनंतर दोन इंजिनिअर गेल्याची बातमी आली, त्या रात्री मला झोप लागली नाही. ताई, माझे त्या वेळी ४० हजार वाचले होते आणि मी ते आजही मोजतो.

वकील_बाई:
कायद्याचं थोडं. पैसे देताना पक्कं बिल घ्या. निव्वळ दिसण्यासाठीच्या सर्जरीवर १८ टक्के जीएसटी आहे, बाकीच्या उपचारांवर नाही, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी "कॅश द्या, जीएसटी सोडतो" म्हणतात. ते केलंत की हातातला पुरावाच गेला. डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्यात येते हे सुप्रीम कोर्टाने १९९५ लाच सांगितलंय आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, पण बिल नाही, डिस्चार्ज कार्ड नाही, तर ग्राहक आयोगापुढे काय मांडणार? रेकॉर्ड लेखी मागितलं की ७२ तासांत द्यायचं असा नियम आहे, ठिकठिकाणी टाळतात, तरी मागायचंच.

दुसरं, संमतीपत्र. समीरा कोहली केसमध्ये २००८ ला कोर्टाने सांगितलं की संमती घेताना पेशंटला पुरेशी माहिती द्यायला हवी आणि एका प्रोसीजरची संमती दुसरीला लागू होत नाही. तेव्हा ऑपरेशन कोण करणार त्याचं नाव कागदावर लिहून घ्या, "डॉक्टर आणि टीम" एवढं चालवून घेऊ नका. फोटोंची संमती वेगळ्या कागदावर. तिथे चेहरा ओळखू येणार नाही असं लिहून मागता येतं, पण नाकाच्या फोटोत चेहरा लपवणार कसा हा विचार आधी करा, कारण तुम्हालाच साइडने फोटो नको असतो असं तुम्ही लिहिलंय. आणि मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका, कॉस्मेटिक सर्जरी पॉलिसीतून वगळलेली असते.

पाऊसवाट:
सगळ्यांचे खूप आभार, अटकेपार दादा तुमचं वाचून रडू आलं.

काल फोन केला. सर टेबलाशी स्क्रब होऊन असणार का विचारलं तर म्हणाली दोन टेबलं एकदम चालतात, सर दोन्हीकडे लक्ष ठेवतात. भूलतज्ज्ञांचं नाव आत्ता सांगता येत नाही, त्या दिवशी जे असतील ते. रात्री काही झालं तर "जवळच्या हॉस्पिटलला दाखवा, आम्हाला कळवा". बिलाचं विचारल्यावर ४५ चे ५३ हजार १०० झाले. मी पैसे भरले नाहीत.

सुईदोरा, तुम्ही श्वासाचं विचारलंत आणि मला एकदम लक्षात आलं की माझी डावी नाकपुडी कायमच बंद असते, मला वाटायचं सगळ्यांचीच असते. पुढच्या गुरुवारी सुट्टी टाकून मुंबईला ओपीडीत दाखवतेय. आत्या म्हणाली मीही येते, श्वासाचं असेल तर दाखवायलाच हवं. पुण्याहून पहाटेच्या गाडीने निघालं तर केसपेपर वेळेत निघेल ना, की आदल्या दिवशी येऊन राहावं?