१९३३चं विस्डेन (इंग्लंडचं क्रिकेट वार्षिक) घ्यायचंय, बजेट १५ हजार. कुणी घेतलंय का?

ऑरेंजसिटी: नमस्कार मंडळी. १९३३चं विस्डेन शोधून राहिलो. बाबांची पंचाहत्तरी आहे, जन्म नागपूरचा आणि कर्नल सी. के. नायडू म्हणजे त्यांचं दैवत. १९३२ला लॉर्ड्सवर आपली पहिली टेस्ट झाली तिचा वृत्तांत याच अंकात आहे आणि वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंत सीकेंची निवडही यातच, म्हणून हाच अंक पाहिजे. बजेट १५ हजार, पोस्टेज धरून. हार्डबॅक घेऊ का पेपरबॅक? ओरिजिनल कसं ओळखायचं?

शिवाजीपार्ककर: हार्डबॅकच घ्या. तपकिरी कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, दुसरं काही बघूच नका. माझ्याकडे १९३७चं आहे, विजय मर्चंटवालं, घरी आलेला प्रत्येक जण आधी त्या कपाटाशी जातो. १५ हजारात नाही मिळणार, पण पंचाहत्तरी एकदाच येते.

जुनीपानं: 'द हिंदू' पेपरवाल्यांचं 'इंडियन क्रिकेट' वार्षिक का नाही घेत? १९४६-४७पासून २००४पर्यंत निघालं, रणजीचं सगळं त्यात, विस्डेनमध्ये आपल्या क्रिकेटला जागा ती केवढी. मला त्याचे बरेच अंक फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवर मिळाले, तेव्हा कुणी विचारत नव्हतं, आता तेच लोक भाव सांगतात.

ऑरेंजसिटी: ताई, छान आहे ते, पण त्यात १९३२ नाही ना.

लेस्टरवासी: इथे पुस्तकमेळ्यांत मी बरीच वर्षं हेच बघतोय म्हणून लिहितो. हार्डबॅक १८९६पासून निघायला लागली, पेपरबॅक सोबत चालूच राहिली. १९३७पर्यंत पेपरबॅकला साधं पिवळट कागदी कव्हर असायचं, १९३८पासून कापडी लवचिक कव्हर आलं आणि त्यावर चित्रकार रॅव्हिलियसने काढलेलं उंच हॅटवाल्या खेळाडूंचं चित्र. म्हणजे १९३३च्या अंकावर ते चित्र दिसलं तर कव्हर त्याचं नाहीच. विक्रेत्याला फोटोचं पान आहे का ते आधी विचारा, त्यावर अ‍ॅस्टिल, ब्राउन, केनेडी, नायडू आणि व्होस असे पाच जण हवेत, ते पान लोक कापून फ्रेम करतात. मग कव्हर आणि जाहिरातींची पानं, कारण पुन्हा बांधताना बाइंडर तीच काढून टाकायचे. पुस्तकाच्या पाठीचा आणि आतल्या सांध्याचा फोटो मागवा, कागदी पाठ सगळ्यात आधी जाते. पाठ नवीन लावलेली असेल तर किंमत बरीच कमी व्हायला हवी.

कसोटीवेडा: १९३३मध्ये बॉडीलाइन, म्हणजे इंग्लंडने ऑस्ट्रेलियात अंगावर बॉलिंग केली ती सिरीज, आहे ना, म्हणून महाग असणार.

लेस्टरवासी: नाही. ती सिरीज १९३२-३३च्या हिवाळ्यातली, ती १९३४च्या अंकात आली.

कसोटीवेडा: मग १९३४च घ्या की! लारवूड, जार्डिन, ब्रॅडमन सगळे एकात. आणि नायडूंचं खरं वर्ष १९२६, बॉम्बे जिमखान्यावर इंग्लंडहून आलेल्या एमसीसी संघाविरुद्ध १५३, त्यात ११ सिक्स.

शिवाजीपार्ककर: जिमखान्याचं आमच्या आजोबांनी डोळ्यांनी बघितलेलं. असो. हार्डबॅक.

मंदाकाकू: अरे बाळा, ऑनलाइन जपून घे. आमच्या ह्यांनी १९१६चं मागवलं होतं, ग्रेस आणि ट्रंपर या दोन जुन्या क्रिकेटपटूंचे मृत्युलेख आहेत म्हणून, आणि आलं ते रीप्रिंट. जाहिरातीत तसं कुठेच लिहिलं नव्हतं, पैसे परत मिळवायला दोन महिने भांडावं लागलं. रीप्रिंट वाईट नसतं, पण ते रीप्रिंट म्हणून विकावं ना. आणि कसर लागू देऊ नकोस, कोकणात तर दर पावसाळ्यात पुस्तकं बाहेर काढून झटकावी लागतात. सेलोटेप अजिबात लावायची नाही, पिवळी पडते आणि निघताना कागद घेऊन येते.

दादरटीटी: मराठी माणसाने आधी १९१२चा अंक घ्यावा असं माझं ठाम मत आहे. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात पळवणकर बाळूंनी ११४ विकेट्स काढल्या, आणि आपण नायडू नायडू करत बसतो. धागा वेगळा काढतो.

जुनीपानं: काकूंनी रीप्रिंटचं बरोबर सांगितलं. विलोज प्रकाशनाचं १९३३चं रीप्रिंट घ्या, १५ हजारात बसेल, मजकूर तोच.

ऑरेंजसिटी: सगळ्यांचे आभार, ठरलं. इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याकडे ओरिजिनल मिळालं, पण पुन्हा बांधलेलं, दोन्ही कव्हरं आणि जाहिराती गेलेल्या. पाच जणांचं फोटोचं पान जागेवर आहे, त्याने फोटो काढून पाठवला. पोस्टेज धरून बजेटच्या आत.

शिवाजीपार्ककर: कव्हर नसलेलं?? उद्या विकायला गेलात तर निम्मेही येणार नाहीत.

जुनीपानं: हेच म्हणते. त्यापेक्षा रीप्रिंट स्वच्छ तरी असतं.

ऑरेंजसिटी: विकायचंच नाहीये. बाबा ते रोज उघडणार, आपल्या निसारने सुरुवातीलाच विकेट काढल्या आणि इंग्लंडची ३ बाद १९ झाली तो भाग घरात येईल त्याला मोठ्याने वाचून दाखवणार. नव्वद वर्षांच्या कागदी पाठीला ते झेपणार नाही, ही बांधणी पक्की आहे. आणि कागद तेव्हाचाच पाहिजे, सीके हयात असताना छापलेला, म्हणून रीप्रिंट नको.

लेस्टरवासी: मग विक्रेत्याला सांगा, आधी प्लास्टिक, मग दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, आणि पार्सल रजिस्टर्ड. बिलावर 'जुनं छापील पुस्तक' असं स्पष्ट लिहायला लावा, कस्टममध्ये कमी अडतं.

मंदाकाकू: आणि आलं की लगेच कपाटात कोंबू नकोस, दोन दिवस सावलीत उघडं ठेव.