मदत हवी आहे: घरी शिवलेल्या सॅकचा खांद्याचा पट्टा

मंडळी, पावसाळी ट्रेकसाठी ३० लिटरची सॅक घरीच शिवतोय. कापड पीयू कोटिंगचं (पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर) ४२० डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप) नायलॉन, मशीन आईचं जुनं काळं, पायाने चालणारं. फक्त सरळ टाका येतो, झिगझॅग नाही.

बॉडी झकास झाली. घोडं अडलंय ते पट्टा पाठीला जोडताना. तिथे कापडाचे चार थर, मधे दुमडलेला नायलॉनचा पट्टा. मशीनचं फूट (कापड दाबून धरणारा पाय) त्या उंचवट्यावर चढलं की तिरकं होतं, तीन-चार टाके सुटतात आणि खाली दोऱ्याचं घरटं.

करून पाहिलेलं: १४ ची सुई (मोडली), मग १६ आणि १८. दोरा पॉलिएस्टरच आहे, सुती नाही. वरचा ताण सैल केला, टाका मोठा केला, चाक हाताने फिरवलं, फुटामागे पुठ्ठ्याची घडी ठेवली. पुठ्ठ्याने बरंच सुधारलं, पण पट्टा पक्का करायला जी चौकोनी शिलाई घालतोय तिच्या मधल्या भागात अजूनही टाके सुटतात. पट्ट्यातला फोम शिवणीच्या अलीकडेच थांबवलाय, म्हणजे तो आड येत नाही.

सॅकमध्ये ८-९ किलोच असेल. हार्नेस, स्लिंग असलं जिवावरचं काही शिवत नाहीये, काळजी नसावी. चपला-बॅगवाले काका शिवून देतील, पण मग मी शिवली कसली!

चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई याच मशीनवर रेटू, की तेवढा सांधा आरीने, मेणाच्या जाड दोऱ्याने हातानेच शिवू? आणि हाताने शिवला तर भोकांतून पाणी झिरपू नये म्हणून आतून काय लावता?